ओट्यावरचे बर्फयंत्र आणि त्याच्याखाली साचणारे पाणी : काही महिन्यांच्या वापरानंतर

घरगुती बर्फयंत्र घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची पहिली तक्रार बर्फाची नसते, यंत्राखाली साचणाऱ्या पाण्याची असते. आमच्याकडे गेले कित्येक महिने रोज वापरात असलेले यंत्र ओट्यावर मावणारे, हाताने पाणी भरायचे आणि बोटाच्या पेराएवढे पोकळ खडे पाडणारे, म्हणजे या प्रकारातले अगदी सर्वसाधारण आहे. बर्फ ते चांगला देते. पहिला हप्ता दहाएक मिनिटांत पडतो आणि पुढचे त्याहून लवकर पडतात. पाण्याच्या बाबतीत मात्र त्याने बरीच परीक्षा पाहिली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की या यंत्रांत ‘गळती’ म्हणून जे दिसते, त्यातली थोडीच खरी गळती असते. उरलेले पाणी चुकीच्या वेळी भरल्यामुळे, यंत्र कलते बसल्यामुळे किंवा हवेतल्या दमटपणामुळे बाहेर आलेले असते, आणि त्यावर सीलंट थापणे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे होय.

आतली रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. तळाच्या टाकीतले पाणी छोटा पंप वरच्या ट्रेमध्ये चढवतो. त्या पाण्यात धातूची थंड बोटे बुडालेली असतात आणि त्यांच्याभोवती बर्फ धरतो. मग ट्रे कलतो, उरलेले पाणी टाकीत परत जाते, बोटांमधून क्षणभर गरम वायू फिरवला जातो आणि खडे सुटून टोपलीत ढकलले जातात. या टोपलीला स्वतःचे शीतकरण नसते. ती फ्रीझर नव्हे. तिच्यातला बर्फ सावकाश वितळत राहतो आणि ते पाणी टोपलीच्या भोकांतून टाकीत उतरते.

पाणी कुठून येते हे ठरवण्यासाठी यंत्र उघडण्याची गरज नाही. प्लग काढावा, यंत्र आतून-बाहेरून पुसून कोरडे करावे, खाली पांढरे टिश्यू पेपर अंथरावे आणि टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून यंत्र बंद अवस्थेतच काही तास ठेवावे. कागद भिजला तर दोष निचऱ्याच्या बुचात किंवा टाकीच्या तड्यात आहे. कागद कोरडा राहिला आणि यंत्र चालू केल्यावरच भिजू लागला, तर संशय पंपाच्या नळीवर किंवा ट्रेवर घ्यावा. बंद असताना कोरडे, चालू असतानाही सुरुवातीला कोरडे, पण दमट दिवशी तासाभराने सगळीकडे ओलसर, असा प्रकार असेल तर ते टाकीतले पाणीच नव्हे. शंका उरलीच तर टाकीत खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकावेत. कागदावर रंग उमटला तर पाणी टाकीतले, न उमटला तर हवेतले. त्या चाचणीचा बर्फ अर्थातच टाकून द्यावा आणि टाकी धुऊन घ्यावी.

आमच्या यंत्रातली खरी गळती बुचाचीच निघाली. यंत्राच्या बुडाशी निचऱ्याचे भोक असते. त्यात आधी सिलिकॉनचे मऊ बूच आणि त्यावर आट्यांची टोपी, अशी दुहेरी बंदोबस्ताची कल्पना. ती कल्पना चांगली असली तरी बुचाची कड इतकी पातळ असते की तिच्याखाली क्षाराचा एक कण अडकला तरी पाणी पाझरू लागते. ते सरळ ठिबकत नाही. आट्यांमधून फिरत टोपीच्या खालच्या कडेवर येते, तिथे बराच वेळ लोंबकळणारा थेंब धरते आणि मग बुडाच्या पत्र्यावरून पसरत पुढच्या पायापाशी उतरते. त्यामुळे पाणी पुढे दिसते आणि दोष मागे असतो. बूच काढून नखाने कड चाचपली तेव्हा बारीक खरखर लागली. कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल घालून त्यात बूच भिजवले, भोकाची बैठकही त्याच पाण्याच्या फडक्याने पुसली, बूच सगळीकडून सारखे दाबून बसवले आणि टोपी फक्त हाताने आवळली. पकडीने आवळण्याचा मोह टाळावा, कारण जास्त दाबले की मऊ कड बाहेरच्या बाजूला दुमडते आणि आधीपेक्षा जास्त गळते. या साफसफाईने पाझर थांबला. बूच कडक झाले असेल किंवा त्याच्या कडेला चीर दिसत असेल, तर मात्र धुण्यात वेळ न घालवता नवे घालावे.

दुसरे कारण या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत क्वचितच नीट समजावलेले असते. टाकीतल्या पाण्याचाच बर्फ होतो आणि तो वितळून टाकीतच परत येतो, तोवर हिशेब जुळतो. पण टोपली बर्फाने भरलेली असताना टाकी पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरली, की टोपलीतला बर्फ हे खुणेच्या वरचे उधारीचे पाणी ठरते. आमच्या टोपलीत सुमारे पाऊण किलो बर्फ मावतो, म्हणजे तो सगळा वितळल्यावर टाकीत पाऊण लिटर जास्तीचे पाणी उतरते. रात्री टाकी भरून यंत्र बंद केले की सकाळी खुणेच्या बरेच वर चढलेले पाणी ट्रे फिरवणाऱ्या दांड्याच्या भोकापर्यंत पोहोचते आणि तिथून यंत्राच्या पोटात जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही सरळसरळ फुटलेली टाकी वाटते. म्हणून पाणी भरताना टाकीतली खूण एकटी पाहू नये, टोपलीत किती बर्फ आहे तेही पाहावे. टोपली भरलेली असेल तर एक तर बर्फ काढून फ्रीझरमध्ये ठेवावा, नाही तर टाकी अर्धीच भरावी.

यंत्र समपातळीत बसवणे ही किरकोळ वाटणारी पण निर्णायक गोष्ट आहे. ट्रे उथळ असतो. यंत्र पुढे झुकलेले असेल तर पंपाने चढवलेले पाणी काठावरून ओसंडते आणि झाकणाच्या कडेने बाहेर येते. पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवून पाहावी. रबरी पायांपैकी एखादा निखळला असेल तर तो आधी बसवावा, घडी केलेल्या कागदावर काम भागवू नये. कागद ओला झाला की कल परत येतो. टोपली भरल्याचे ओळखणारा सेन्सर धुळीने किंवा पाण्याच्या थेंबांनी माखला तर यंत्र थांबत नाही, खडे झाकणापर्यंत चढतात आणि ट्रे अर्धवट अडकतो. मऊ फडक्याने सेन्सर पुसणे एवढाच त्यावर उपाय आहे.

दमट हवेतला ओलावा ही गळती नाही. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसाच तो प्रकार आहे. हवा ३० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमणारच. टाकीतले पाणी गोठणबिंदूच्या आसपास असते आणि स्वस्त यंत्रांत टाकीभोवतीचा फोम पातळ असतो. यंत्राभोवती चारही बाजूंनी १०-१५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली, पंख्याची जाळी धूळमुक्त ठेवली आणि गरज संपताच यंत्र बंद केले तर हा घाम बराच कमी होतो. पूर्णपणे जात नाही. खाली उथळ ताट ठेवणे यात काही कमीपणा नाही, फक्त त्या ताटामुळे बुडाची किंवा बाजूची हवेची वाट अडता कामा नये.

टाकी आणि पंप यांना जोडणारी सिलिकॉनची नळी सैल झाली असेल तर काम आतले आहे. हमीची मुदत शिल्लक असेल तर झाकण स्वतः उघडू नये. मुदत संपली असेल तर प्लग काढून, टाकी रिकामी करून नळी तोंडावर पुरती चढवावी आणि तिला क्लिप लावावी. नळीचे टोक सैल पडले असेल तर तेवढे कापून उरलेली नळी पुन्हा बसवता येते. शीतकाच्या, म्हणजे थंडावा निर्माण करणाऱ्या वायूच्या, तांब्याच्या नळ्यांना मात्र हात लावू नये. बऱ्याच नव्या यंत्रांत आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो ज्वलनशील आहे. टाकीला तडा गेला असेल तर टाकी बदलणे हाच खरा उपाय. पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकला सिलिकॉन सीलंट धरतच नाही, आणि जिथे धरते तिथेही ते खाद्यपदार्थांसाठी योग्य प्रतीचेच हवे.

पाणी आणि वीज इतकी जवळ असल्यामुळे यंत्राची वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते. त्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असणे मी आवश्यक समजतो.

क्षार हा बुचाचा आणि पंपाचाही शत्रू असल्याने ठरावीक काळाने लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून एक फेरी चालवावी, तो बर्फ टाकावा आणि स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळावे. आम्लाबरोबर ब्लीच कधीही वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

थेट नळाला जोडलेल्या यंत्रांचा प्रश्न वेगळा. तिथे टेफ्लॉन टेप फक्त आट्यांच्या जोडाला लावावी, फेरूलच्या, म्हणजे नळीवर दाबून बसणाऱ्या कड्याच्या, जोडाला नव्हे. पाणी थेंब थेंब येत राहिले तर आत येणाऱ्या पाण्याची झडप पुरती बंद होते का ते तपासावे. पाण्याचा दाब फार कमी असला किंवा आत कचरा अडकला तरी ती उघडीच राहते.

हे यंत्र पुन्हा घेईन का, याचे उत्तर बर्फाच्या दृष्टीने होय आणि निचऱ्याच्या दृष्टीने नाही असे आहे. बुडाशी भोक ठेवल्यामुळे टाकी रिकामी करताना भरलेले यंत्र उचलून ओट्याच्या कडेवर आणावे लागते, आणि या ओढाताणीतच बूच सैल होते. पुढचे यंत्र निवडताना बाजूने निचऱ्याची नळी असलेले आणि बूच सुटे विकत मिळणारे असेच पाहीन. सध्याच्या यंत्रासाठी दोन जादा बुचे आणून ठेवली आहेत आणि त्यातले एक वापरातही आले आहे.