सेंबुंगान की वाए रेबो : इंडोनेशियातील दोन डोंगरी शेतकरी गावांचा तुलनात्मक आढावा

इंडोनेशियाच्या डोंगराळ भागातील एखाद्या शेतकरी गावात पाच-सहा महिने राहून तिथले जीवन समजून घ्यावे, असे मनात असलेल्या कृषी किंवा समाजकार्य शाखेच्या मराठी विद्यार्थ्यासमोर पहिला प्रश्न गाव निवडण्याचा असतो. चौकशी करू लागले की दोन नावे वारंवार पुढे येतात. एक मध्य जावातील दिएंग पठारावरचे सेंबुंगान आणि दुसरे फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागातील, मंगाराई लोकांचे वाए रेबो. दोन्ही गावे डोंगरात आहेत, दोन्हीकडे पर्यटक जातात आणि दोन्हीकडची घरे शेतीवर उभी आहेत. मात्र एका गावातले अनुभव दुसऱ्या गावाला लागू करू गेल्यास बहुतेक अंदाज चुकतात. या फरकाची अनेक कारणे सांगितली जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांतील बहुतेक कारणे शेवटी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे रस्ता.

सेंबुंगान समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवर असून जावातील सर्वांत उंचावरचे गाव म्हणून ओळखले जाते. तरीही वोनोसोबो शहरातून निघालेला मालट्रक तिथे शेताच्या कडेपर्यंत पोहोचतो. वाए रेबोची उंची त्याच्या जवळपास निम्मी, म्हणजे ११०० ते १२०० मीटरच्या दरम्यान आहे, आणि तरीही दुर्गम म्हणावे ते हेच गाव. कारण वाहनाचा रस्ता पायथ्याच्या देंगे गावाच्या आसपास संपतो आणि पुढचे काही तास जंगलातील चढाची पायवाट तुडवावी लागते. नकाशावरची उंची पाहून दुर्गमतेचा अंदाज बांधणाऱ्यांची इथेच फसगत होते.

रस्त्याचा पहिला परिणाम पिकावर दिसतो. बटाटा वजनदार, नाशवंत आणि भावाच्या चढउताराला बांधलेला असतो. काढणीनंतर तो लवकर बाजारात जावा लागतो आणि खते, बियाणे, औषधे यांची पोतीही वाहनानेच वर यावी लागतात. वाळवलेली कॉफी वजनाच्या मानाने मोलाची असते, ती महिनोन्‌महिने टिकते आणि पाठीवरून डोंगर उतरवता येते. म्हणून दिएंगवर बटाटा आणि वाए रेबोत कॉफी ही वाटणी हवामानाइतकीच वाहतुकीनेही ठरवलेली आहे. वाए रेबोच्या लोकांनी उद्या बटाटा लावायचे ठरवले, तरी तो विकायला खाली न्यायचा कोणी, हा प्रश्न उरतोच.

दिएंगच्या बटाट्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण शेतीच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथे आहे. पूर्वी या पठारावर तंबाखू, कोबी आणि मका यांचे प्राबल्य होते. १९८० च्या दशकापासून बटाट्याने ती जागा घेतली आणि ग्रॅनोला हे वाण सर्वत्र पसरले. पीक तीन-चार महिन्यांत हाती येत असल्याने एकाच जमिनीत वर्षाला दोन, कधी तीन पिकेही घेतली जातात. या पैशातून सिमेंटची घरे उभी राहिली, मोटारसायकली आल्या आणि मुले शहरातील महाविद्यालयांत गेली. त्याच काळात डोंगरउतारांवरची झाडी हटली आणि लागवड थेट माथ्यापर्यंत जाऊन भिडली.

मराठी शेतकऱ्याच्या डोळ्यांना तिथे सर्वांत आधी खटकते ती सऱ्यांची दिशा. आपल्याकडे उताराला आडवी मशागत करावी, बांधबंदिस्ती करावी, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. दिएंगवर मात्र सऱ्या उताराच्या दिशेने, वरून सरळ खाली काढलेल्या दिसतात. हे अज्ञानातून होत नाही. बटाट्याच्या मुळाशी पाणी साचले की कंद सडतो, आणि अतिवृष्टीच्या प्रदेशात पाण्याला सरळ वाट देणे ही शेतकऱ्याने स्वतःच्या पिकापुरती निवडलेली सोय आहे. तिची किंमत खालच्या खोऱ्यात मोजली जाते. सेरायू नदीचा उगम याच पठारावर होतो आणि तिच्यावरच्या म्रिचा जलाशयात वरून वाहून आलेल्या मातीचा गाळ मोठ्या प्रमाणात साचला आहे. वरच्या शेतातही सुपीक थर पातळ होत गेल्याने कोंबडीखत आणि रासायनिक खतांच्या मात्रा वाढत जातात. करप्यासाठी बुरशीनाशकांच्या वारंवार फवारण्या कराव्या लागतात. बटाट्याच्या मुळांवर जगणारा सोनेरी सूत्रकृमी इंडोनेशियात प्रथम २००३ मध्ये पूर्व जावात आढळला आणि पुढे दिएंगच्या जमिनीतही त्याची नोंद झाली. एकदा मुरला की तो सहजासहजी जात नाही.

पावसाळा संपला की पाण्याची ओढ सुरू होते आणि पठारावरील तळ्यांना पंप लागतात. पाइपांच्या रांगा डोंगर चढून शेतापर्यंत गेलेल्या दिसतात. जून ते ऑगस्ट या कोरड्या महिन्यांत, रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास उतरले की पिकावर दव गोठते. त्याला तिथे ‘एंबुन उपास’, म्हणजे विषारी दव, म्हणतात, कारण सकाळी ऊन चढताच बटाट्याची पाने करपून काळी पडतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिमकण पाहायला आपल्याकडे गर्दी होते, तशीच तिथेही होते. ज्या पांढऱ्या गवताची छायाचित्रे पर्यटक काढतात, त्याच्या शेजारच्या शेतात कोणाचे तरी कर्ज बुडालेले असते. भावाची अनिश्चितताही तितकीच जाचक आहे. २०११ मध्ये आयात बटाट्यामुळे दर कोसळले, तेव्हा दिएंगच्या शेतकऱ्यांनी जाकार्तापर्यंत जाऊन निदर्शने केली होती. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरच्या बटाटा उत्पादकाला ही तक्रार समजावून सांगावी लागणार नाही.

आणखी एक धोका जमिनीखालचा आहे. दिएंग हा ज्वालामुखीय प्रदेश असून २० फेब्रुवारी १९७९ रोजी सिनिला विवराच्या परिसरात बाहेर पडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइड वायूने १४९ जणांचा बळी घेतला. त्याच उष्णतेवर आता भू-औष्णिक वीज तयार होते. राहायला जाणाऱ्याने वायूच्या सूचनाफलकांकडे गंभीरपणे पाहावे, एवढे सांगणे पुरेसे आहे.

वाए रेबोचा हिशेब निराळा आहे. गावाचे हृदय म्हणजे ‘म्बारू नियांग’ ही शंकूच्या आकाराची, गवत आणि ताडवर्गीय धाग्यांनी शाकारलेली, पाच मजल्यांची सात घरे. खालच्या मजल्यावर अनेक कुटुंबे एकत्र राहतात. वरचे मजले अन्नधान्य, बियाणे, दुष्काळासाठीचा राखीव साठा आणि सर्वांत वर पूर्वजांचा नैवेद्य यांसाठी असतात. घराच्या रचनेतच टंचाईची तरतूद करून ठेवलेली असल्याचे हे उदाहरण शेतीच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे असे आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपैकी चारच घरे उभी होती. वास्तुविशारद योरी अंतार आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांच्याच हातांनी, त्यांची पुनर्बांधणी झाली आणि २०१२ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-संवर्धनातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यानंतर पर्यटक वाढले. कोमोडो बेटांकडे जाणाऱ्यांचे प्रवेशद्वार असलेले लाबुआन बाजो काही तासांच्या अंतरावर असल्याने हा ओघ टिकण्यासारखा आहे.

पाहुणे एका सामायिक घरात झोपतात आणि त्यांच्याकडून येणारे पैसे गाव ठरवलेल्या पद्धतीने वापरते. सेंबुंगानमध्येही सिकुनिर टेकडीवरचा सूर्योदय पाहायला येणाऱ्यांमुळे घरोघरी खोल्या भाड्याने दिल्या जातात, पण तिथला व्यवहार ज्याची खोली त्याची कमाई, असा आहे. सामूहिक व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह इथे आवरला पाहिजे. सामूहिक निर्णय हळू होतात, ज्येष्ठांचा शब्द जड असतो आणि एखाद्या तरुण जोडप्याला स्वतःचे वेगळे काही उभारायचे असेल तर त्यांची कुचंबणाही होते.

अन्न आणि शाळा या दोन गोष्टींत वाए रेबोची दुर्गमता प्रत्यक्ष जाणवते. डोंगरावर कॉफी, दालचिनी, कंद आणि भाजी पिकते. तांदूळ मात्र खालून पाठीवर वाहून आणावा लागतो. शाळेच्या वयाची मुले कोंबो किंवा देंगे या खालच्या वस्त्यांत नातेवाइकांकडे राहून शिकतात. गावात दिवसा फिरताना लहानगी आणि वृद्ध माणसे दिसतात, मधली वयोगटाची फळी विरळ वाटते, याचे एक कारण हे आहे. आजारी माणसाला खाली नेणे हा उपचाराचाच एक भाग होतो. इंडोनेशियाने १ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा लागू केला, त्याचे कार्ड वाए रेबोच्या माणसाकडेही असू शकते. पण कार्ड दवाखान्यापर्यंत चालत जात नाही.

तरुणांच्या भवितव्याबाबत दोन्ही गावांत चिंता आहे, पण ती वेगवेगळ्या तऱ्हेची. दिएंगवर जमीन खाजगी मालकीची असून वारसांत वाटली जाऊन तुकड्यांत विभागली गेली आहे. ज्यांच्याकडे भांडवल आहे ते इतरांच्या जमिनी खंडाने किंवा वाट्याने करतात, बाकीचे रोजंदारीवर जातात. म्हणजे गाव श्रीमंत दिसत असले तरी त्या श्रीमंतीत प्रत्येकाचा वाटा नाही, आणि जिला सगळे टेकलेले आहेत ती मातीच वाहून चालली आहे. मंगाराई परंपरेत सामूहिक जमीन मध्यबिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखी कुटुंबांत वाटली जाई. फ्लोरेसमधील रुतेंग शहराजवळच्या चंचार येथील भातशेतीत तो आकार आजही दिसतो. त्या रीतीमुळे कुळातल्या माणसाला जमिनीचा आधार राहतो, पण रोख पैसा तुटपुंजा असतो. वाए रेबो ज्या प्रांतात आहे तो पूर्व नुसा तेंगारा देशातील गरीब प्रांतांत गणला जातो आणि तिथली तरुण माणसे बालीला, कालिमंतानला, मलेशियाला कामासाठी जातात. या परगावी जाण्याला इंडोनेशियात ‘मेरांताउ’ म्हणतात आणि त्यात लाज मानली जात नाही. जाऊन पैसे पाठवणारा मुलगा हा वाए रेबोसारख्या गावाच्या अर्थव्यवस्थेचा कॉफीइतकाच महत्त्वाचा भाग आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अराबिका कॉफीचा जागतिक भाव विक्रमी पातळीवर गेला होता, पण व्यापाऱ्यांच्या साखळीतून तो भाव डोंगरावरच्या बागेपर्यंत किती झिरपतो, हा अभ्यासकाने स्वतः वही घेऊन मोजण्याचा विषय आहे.

सरकारी पैशाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर, २०१५ पासून केंद्राचा निधी गावांना मिळू लागला. इथे एक बारकावा आहे : सेंबुंगान हे स्वतः प्रशासकीय गाव आहे, तर वाए रेबो ही सातार लेंदा या गावात मोडणारी वस्ती आहे. निधी खर्चाचा निर्णय जिथे होतो ती बैठक सेंबुंगानच्या माणसाच्या दारात आणि वाए रेबोच्या माणसासाठी डोंगर उतरून खाली भरते.

राहण्याच्या सोयींबद्दल थोडक्यात. दिएंगवर इंडोनेशियन भाषेवर काम भागते, पण घरातली बोली जावानीज असून तिच्यात वडीलधाऱ्यांशी आणि बरोबरीच्यांशी बोलण्याच्या पातळ्या वेगळ्या आहेत; आपल्या ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांहून त्या कितीतरी काटेकोर आहेत. वाए रेबोत आधी मुख्य घरात ज्येष्ठांसमोर बसून स्वागताचा विधी पूर्ण व्हावा लागतो, त्याआधी छायाचित्रे काढणे असभ्यपणाचे मानले जाते. दिएंगचे लोक मुख्यतः मुस्लिम, वाए रेबोचे कॅथलिक आणि सोबत पूर्वजपूजक. शाकाहारी माणसाला दोन्हीकडे भात, भाजी आणि टोफू, टेंपे या सोयाबीनच्या पदार्थांवर दिवस काढता येतात, तरी जावात ते सोपे जाते. आणि दिएंगच्या धुक्यात अर्जुन, भीम, घटोत्कच, पुंतदेव या नावांची शैव मंदिरे पाहून थबकणाऱ्या मराठी माणसाने हेही ध्यानात ठेवावे की ती नावे नंतरच्या जावानीज परंपरेने दिलेली आहेत, आणि तिथला पुंतदेव म्हणजे आपला युधिष्ठिर. औपचारिक संशोधन करायचे असल्यास परदेशी व्यक्तीला ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी लागते. पर्यटक व्हिसावर प्रश्नावल्या भरून घेत हिंडू नये.

आता निर्णय. मृदासंधारण, पाणी, पीकसंरक्षण, कर्ज किंवा बाजारभाव हा ज्याचा विषय असेल त्याने निःशंकपणे सेंबुंगानला जावे, कारण रस्ता लवकर पोहोचला तर डोंगरी शेतीचे काय होते, हे तिथे चाळीस वर्षांच्या नोंदीसह उघडे पडलेले आहे. समाजकार्य, वारसा, पर्यटन किंवा स्थलांतर हा विषय असेल तर वाए रेबो योग्य, पण एका अटीवर : मुक्कामाचा निम्मा काळ खाली देंगे-कोंबोत काढावा. जे वरच राहतात त्यांना सात सुंदर घरे दिसतात. गावाचा पुढचा पन्नास वर्षांचा प्रश्न खालच्या शाळेत पाटी-दप्तर घेऊन बसलेला असतो. ज्याला दोन्हींतले काहीच नक्की ठरवता येत नाही, त्याला प्रस्तुत लेखक सेंबुंगानच सुचवील. तिथे चूक सुधारायला वोनोसोबोची गाडी रोज मिळते.

वेळेचे भान दोन्हीकडे ठेवावे लागते. दिएंगचे गोठलेले दव आणि पंपांची ओढाताण पाहायची तर जुलै-ऑगस्ट, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या हिवाळ्याचे कपडे पुरत नाहीत. वाए रेबोतील कॉफीची तोडणीही साधारण याच कोरड्या महिन्यांत असते, तर नववर्षाचा ‘पेंती’ हा सण नोव्हेंबरात येतो. तोवर पाऊस सुरू होऊन पायवाट निसरडी झालेली असते आणि जळवा लागतात, म्हणून पायमोजे पोटरीपर्यंतचे घ्यावेत.