दातांना तारा की अलायनर?
दात फार वेडेवाकडे असतील, एखादा पार फिरलेला असेल, तर सरळ तारा बसवून घ्या. त्या चिकटवलेल्या असल्याने रात्रंदिवस काम करतात. दर 4 ते 6 आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाऊन आवळून घ्यायच्या. आपला नाशिकचा चिवडा मात्र तेवढे महिने बंद, कडक शेंगदाण्याने ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारी दातावरची छोटी पट्टी, निघून येतं.

अलायनर म्हणजे दातांवर चढवायचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा. तो जेवताना काढता येतो, त्यामुळे मिसळ बिनधास्त खा. पण दिवसाचे 20 ते 22 तास तो तोंडात हवाच. साधा कटिंग चहा प्यायचा तरी काढा, चूळ भरा, मग पुन्हा घाला. शाळकरी पोरं तो रुमालात गुंडाळून डब्याशेजारी विसरतात, त्यांना ताराच बऱ्या. किरकोळ फट असलेल्या नोकरदाराला मी अलायनरच सुचवेन. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचा रिटेनर दोन्हींनंतर लागतोच, तो टाळू नका.