‘बॅकारा १८४७’ म्हणून विकलेला पेपरवेट: सीमाभागातल्या संग्राहकांनी हे वाचाच

बेळगावातल्या जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने निपाणीच्या संग्राहकाला काचेचा एक पेपरवेट ३८,००० रुपयांना विकला. फ्रान्सच्या बॅकारा कारखान्याचा, १८४७ सालचा, कॅम्पातल्या कुठल्याशा इंग्रज साहेबाच्या बंगल्यातून निघालेला, असं सांगून. विसार आधी फोनवरून घेतला, बाकीची रक्कम वस्तू हातात देताना. पावतीवर फक्त ‘काचेची शोभेची वस्तू, १ नग’. वस्तू खोटी निघाली आणि पैसे परत मिळालेले नाहीत. हीच गोष्ट चिकोडी, संकेश्वर, खानापूर, चंदगडकडच्या कुणाच्याही बाबतीत घडू शकते, म्हणून ती कशी ओळखता आली असती ते सविस्तर लिहितो आहोत.

कॅम्पातल्या बंगल्याची कथा पटते, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. छावणीतल्या जुन्या घरांतून विलायती घड्याळं, चिनी मातीची भांडी, काचसामान आजही बाहेर येतं. पण वस्तू कुठून आली याची कथा म्हणजे पुरावा नव्हे. घराच्या यादीचा कागद, जुना फोटो, लिलावाची पावती, यांपैकी काही नसेल तर त्या कथेची किंमत शून्य धरा.

आता काचेत घातलेल्या त्या १८४७ च्या तारखेबद्दल. मिलेफिओरी प्रकारच्या अशा पेपरवेटमध्ये रंगीत काचेच्या बारीक कांड्या ओढून, त्यांचे आडवे तुकडे कापून, फुलांसारखे मांडतात आणि वर स्वच्छ काचेचा घुमट चढवतात. बॅकाराच्या जुन्या पेपरवेटमध्ये दिसणाऱ्या तारखा प्रामुख्याने १८४६ ते १८४९ या चार वर्षांच्या. त्यातला प्रत्येक आकडा वेगळ्या बारीक कांडीचा असतो, आकड्यांचे रंग लाल, निळा, हिरवा असे बदलतात, वर ‘बी’ अक्षर असतं आणि ही तारीख बहुधा मधोमध नसून फुलांच्या गर्दीत एका बाजूला लपलेली असते. निपाणीच्या पेपरवेटमध्ये चारही आकडे एकाच पांढऱ्या कांडीत, एकाच निळ्या रंगात आणि बरोब्बर मध्यभागी होते. इटलीतल्या मुरानो बेटावरच्या विसाव्या शतकातल्या काचमालात अशा जुन्या तारखा सर्रास घातलेल्या आढळतात. नकली करायला सगळ्यांत सोपी गोष्ट तारीखच, म्हणून ती शेवटी पाहा, आधी नाही.

आधी वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. पेपरवेट कोरडा तोला आणि आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. पेपरवेटला मजबूत दोऱ्याची जाळी बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण हातानेच लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला टेकला तर आकडा फुकट जातो. काचेला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढा. आता काटा जे ग्रॅम दाखवतो तितके घन सेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. पाणी घरातल्या तापमानाचंच घ्या, कडक गरम किंवा बर्फाचं नको, जाड काच तडकते.

निपाणीचा पेपरवेट ७.५ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर उंच. कोरडं वजन ४१२ ग्रॅम, पाण्यातला आकडा १६४. भागाकार २.५१. ही साधी सोडा काच. बॅकाराची जुनी काच शिसेयुक्त असते आणि तिची घनता ३ च्या वर जाते, म्हणजे याच मापाच्या पेपरवेटचं वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास यायला हवं होतं. सुमारे नव्वद ग्रॅमचा हा फरक कुठल्याही कथेने भरून निघत नाही. आकडा १.१ किंवा १.२ आला तर ती काचच नाही, रेझिन आहे.

मात्र उलटं गृहीत धरू नका. ३ च्या वर आकडा आला म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. खुद्द बॅकाराने १९५० च्या दशकात हे काम पुन्हा सुरू केलं, त्या पेपरवेटची काचही शिसेयुक्तच आहे. त्यांच्या तळावर आम्लाने उमटवलेला शिक्का असतो आणि तो घासून काढणारे लोक आहेत.

म्हणून तळ. जुन्या फ्रेंच पेपरवेटचा तळ बहुधा आत खोलगट घासून पॉलिश केलेला असतो आणि वस्तू फक्त बाहेरच्या कड्यावर टेकते. दीडशे वर्षांत ओरखडे त्या कड्यावरच पडतात, तेही बारीक आणि सगळ्या दिशांना. दहापटीचं भिंग आडवं धरून, बाजूने बॅटरी मारून पाहिलं की हे स्पष्ट दिसतं. निपाणीच्या पेपरवेटवर ओरखडे समांतर, एकाच दिशेचे होते, म्हणजे पॉलिश पेपरचे. शिवाय ते खोलगट भागातही होते, जिथे टेबल कधी लागतच नाही. आत तपकिरी ‘जुना मळ’ होता. कापसाला थिनर लावून पुसताच तो बूटपॉलिशसारखा सुटून आला. खोलगट भागाऐवजी ताजा, सपाट घासलेला तळ दिसला तर तिथला शिक्का घासून काढला असावा, असा संशय घ्या.

फुलांकडेही भिंगातून बघा. चांगल्या फ्रेंच कामात तारा, बाण, मधाच्या पोळ्यासारखी जाळी यांच्या कडा धारदार असतात आणि फुलं एकमेकांना लागून बसतात. १९३० च्या दशकापासूनच्या चिनी नकलांत पांढरा रंग मळकट, कडा विरघळल्यासारख्या, आणि काचेत पिवळसर झाक, हाताला काहीशी तेलकट. फिरोजाबादचे पेपरवेट आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानांतून वर्षानुवर्षं विकले गेलेत. ते आपल्या जागी सुंदर आहेत, फ्रेंच म्हणून नव्हे.

फोनवर सौदा होत असेल तर वरून, बाजूने आणि तळाचे फोटो पट्टी ठेवून मागा, आणि पाण्यातल्या वजनाचा सलग व्हिडिओ. ‘काच ओली केली तर खराब होते’ असं सांगणाऱ्याचा सौदा तिथेच सोडा. फुलांची मांडणी हाताची, हुबेहूब दोन सापडत नाहीत. म्हणून फोटो इंटरनेटवर शोधून पाहा. तोच नग परदेशी लिलावात दिसला तर फोटो चोरीचा आहे.

विक्रेता १८४७ म्हणतो ना? मग त्याला परवान्याचा क्रमांक विचारा. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली परवाना लागतो. परवाना नसलेला माणूस हा प्रश्न ऐकून ‘तसं जुनं असेल, नक्की नाही’ वर येतो.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जवळ ठेवा, चॅट पुसू नका. विक्रेता व्यापारी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वतः राहता त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. गडहिंग्लज किंवा चंदगडच्या माणसाला त्यासाठी बेळगावच्या फेऱ्या मारायची गरज नाही. पण तिथे उपयोगी पडते ती पावती. कारखान्याचं नाव, साल, माप, वजन आणि ‘वर्णन खोटं ठरल्यास पूर्ण रक्कम परत’ हे वाक्य, खाली विक्रेत्याची सही. इतकं लिहून मिळत नसेल तर विसारही देऊ नका.