निव्वळ कमिशन की पगारी विक्रेता?

दुकानदारांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चार-सहा जणांच्या कंपनीला निव्वळ कमिशनवरचा माणूस स्वस्त वाटतो, कारण विक्री झाली नाही तर त्याला एक रुपयाही द्यावा लागत नाही. मात्र हा हिशेब एकरकमी परवान्यापुरताच, म्हणजे सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क एकदाच पैसे घेऊन विकण्यापुरताच जुळतो. समजा, परवाना १८,००० रुपयांचा आणि कमिशन २० टक्के असेल, तर विक्रेत्याच्या हाती लगेच ३,६०० रुपये पडतात. तेच सॉफ्टवेअर दरमहा ६०० रुपये वर्गणीवर दिले, तर महिन्याकाठी मिळणारे १२० रुपये पेट्रोललाही पुरत नाहीत. शिवाय डेमो दाखवणे, मालाची यादी भरून देणे, जीएसटीचे दर बसवणे आणि वसुलीसाठी खेपा मारणे हे सारे त्याच्याच खर्चाने होते, म्हणून तो जोडीला इतर कंपन्यांचाही माल विकतो, आणि त्यात गैर काही नाही. पगारी माणूस महाग खरा, पण दुकानदाराची कुरकुर तो कंपनीपर्यंत पोहोचवतो, आणि नव्या उत्पादनाला तिचीच गरज अधिक असते. कमिशनवरील टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापून घेतला जाणारा प्राप्तिकर, १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला असला, तरी त्यावरून निवड ठरू नये. वर्गणीवर विकायचे असेल, तर निदान पहिल्या वर्षी थोडा पगार द्यावा. कमिशनच ठरले, तर वर्गणीच्या नूतनीकरणातील विक्रेत्याचा वाटा करारात स्पष्ट लिहून द्यावा.