शिक्का होता, सही होती, फणस गेला

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. मे संपता संपता एक माणूस आला. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. "काका, फणस भिंतीवर कललाय. पावसात पडला, कुणाला लागलं, तर केस सेक्रेटरीवर." मी टरकलो. शिवाय खरं सांगायचं तर गाड्यांवर कावळे घाण करतात म्हणून रोज कुणीतरी माझं डोकं खात होतं. झाड गेलं तर बरंच, असं मनात होतंच. त्याने ते ओळखलं असावं.

दोन दिवसांत तो परवानगी घेऊन हजर! शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं. एकूण 22,000, त्यात 7,000 'सरकारी फी'. पैसे त्याने सांगितलेल्या नंबरवर पाठवले. पावती? "ऑफिसात तयार आहे काका, सोमवारी आणतो."

आले ते रविवारी सकाळी सातला, चार माणसं आणि टेम्पो घेऊन. दुपारपर्यंत फणस आडवा, आणि 'हापण पोकळच आहे' म्हणत शेजारचा पर्जन्यवृक्षही. फणसाच्या बुंध्याचे त्यांनी सरळ, एकसारखे ओंडके केले. काय नीटनेटकं काम, म्हणून मी त्यांना चहा पाजला! कोकणातल्या जुन्या घरांना खांब-दारं फणसाची असतात, त्या लाकडाला भाव असतो, हे सासऱ्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे पैसे आमचे, लाकूडही आमचंच.

सोमवारी समोरच्या इमारतीतून तक्रार गेली आणि उद्यान खात्याचे लोक पंचनाम्याला आले. कागदावरचा क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच सोसायटीच्या गुलमोहराच्या छाटणीचा. वरचं नाव-पत्ता तेवढा बदललेला. मी चष्मा लावून वाचलं असतं तर 'फांद्यांची छाटणी' हे शब्द तिथेच दिसले असते. फणसाचं नावही त्यात नव्हतं.

शहरी भागांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, एवढं ऐकून होतो. झाड तोडायचं तर अर्जानंतर वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि त्या झाडावरच नोटीस लावतात, हे आता कळलं. परवानगी मिळाली तरी 15 दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. आमच्या फणसावर पतंगाच्या मांज्याशिवाय काही लागलेलं नव्हतं. प्रत्येक झाड वेगळा गुन्हा. दंड 1,000 ते 5,000, आणि त्यासोबत आठवड्यापासून वर्षापर्यंत कैदेची तरतूद. दंडाचा आकडा ऐकून आमचे एक सदस्य हसले, कैदेचं ऐकून गप्प झाले.

पर्जन्यवृक्ष तर इमारतीच्याही आधीचा. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं. "एवढ्या जुन्या झाडाबद्दल विचारायला वॉर्डात एक फेरी मारता आली नाही?" पंचनामा करणाऱ्याने विचारलं. रिक्षाने दहा मिनिटं लागतात.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. त्या माणसाचा फोन बंद आहे. झाडांबाबतचा जबाब मात्र मलाच द्यावा लागतोय, कारण अंगण आमचं आणि पैसे पाठवणारा मी. त्याची माणसं एक दोर विसरून गेली. वॉचमनने तो गेटपासून मीटरच्या खोलीपर्यंत बांधून त्यावर कपडे वाळत घातलेत.