मार्शल डीएसएल४०सीआर: अ‍ॅम्प चांगला आहे, पण जोडणी नीट हवी

मार्शलच्या डीएसएल४०सीआर या गिटारच्या अ‍ॅम्पबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं कर्कश आहे, बास गुबगुबीत आहे, घरात वाजवण्यासारखा नाही. कुणी म्हणतं या किमतीत इतका कामाचा ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प दुसरा नाही. अ‍ॅम्प दोघांकडेही तोच असतो. फरक पडतो तो कोणतं पेडल (पायाने चालवायची इफेक्टची डबी) कुठे लावलं, कोणता कॅब (वेगळी स्पीकरपेटी) कोणत्या जॅकमध्ये गेला आणि दोन-तीन नॉब कुठे ठेवले यामुळे. म्हणून या परीक्षणात अ‍ॅम्पपेक्षा त्याच्या भोवतीच्या जोडणीबद्दल जास्त लिहिलं आहे.

ओळख थोडक्यात. १९९७ साली आलेल्या जेसीएम२००० मालिकेतल्या डीएसएलचा हा वारसदार, २०१८ मध्ये नव्या रूपात आला. ४० वॅट, पॉवर विभागात (स्पीकर हलवणारा शेवटचा टप्पा) दोन ईएल३४ व्हॉल्व्ह, प्रीअ‍ॅम्पला (सूर घडवणारा पहिला टप्पा) ईसीसी८३ व्हॉल्व्ह, आत १२ इंची, १६ ओहमचा सेलेस्टियन व्ही-टाइप स्पीकर, मागची बाजू उघडी. वजन २३ किलोच्या आसपास, म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत दोघं लागतात. क्लासिक गेन चॅनेलमध्ये क्लीन आणि क्रंच, अल्ट्रा गेनमध्ये ओडी१ आणि ओडी२ (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे फाटलेला आवाज) असे चार आवाज मिळतात. रिव्हर्ब (आवाजाची घुमी) प्रत्येक चॅनेलला वेगळा, मास्टर (एकूण आवाजाचे नॉब) दोन. पण ट्रेबल, मिडल, बास दोन्ही चॅनेलना मिळून एकच, आणि या अ‍ॅम्पची हीच खरी मर्यादा आहे. क्लीनला गोड लागणारा ट्रेबल ओडी२ वर टोचतो आणि ओडी२ ला जुळवलेला क्लीनवर मिणमिणीत वाटतो.

यावर उपाय एकच: एक चॅनेल पक्का करायचा आणि बाकीचं काम पेडलकडे द्यायचं. आमच्या मते पाया म्हणून क्रंच सर्वांत चांगला. गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) घड्याळाच्या काट्याप्रमाणे १० ते ११ वर, ट्रेबल ११, मिडल २, बास १०, प्रेझेन्स (वरच्या सुरांची धार) १० आणि रेझोनन्स ९ च्या वर नाही. रेझोनन्स पॉवर विभागातला खालचा सूर फुगवतो. अ‍ॅम्प भिंतीला टेकून ठेवला असेल तर हाच नॉब गुबगुबीतपणाचं मूळ असतो, आणि लोक उगाच बास कमी करत बसतात. टोन शिफ्टचं बटण मिड पोखरतं. एकट्याने वाजवताना ते भारदस्त वाटतं, पण ड्रम आणि बास गिटार सुरू झाले की गिटार ऐकूच येत नाही. ते बंदच ठेवा.

गिटार आणि अ‍ॅम्पचा इनपुट यांच्यामध्ये क्रम असा: फझ (खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) असेल तर सगळ्यात आधी, मग ट्यूनर, वाह पेडल, ओव्हरड्राइव्ह. फझ फेसच्या जातीच्या पेडलना गिटारचा पिकअप थेट दिसावा लागतो. आधी बफर (सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट) आला की गिटारचा व्हॉल्यूम कमी करून मिळणारा स्वच्छ आवाज नाहीसा होतो. बाकी पेडल्सना मात्र बफर हवाच. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. ६ मीटर केबल गिटारपासून, ६ मीटर अ‍ॅम्पपर्यंत आणि सगळी पेडल्स ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारी) असली तर वरचा सूर आपोआप मऊ पडतो. बॉसच्या टीयू-३ ट्यूनरमध्ये बफर असतो, त्यामुळे फझनंतर तो लावला की प्रश्न सुटतो.

या अ‍ॅम्पसमोर एकच ओव्हरड्राइव्ह ठेवायचा तर ट्यूब स्क्रीमर जातीचा ठेवा. ड्राइव्ह जवळजवळ शून्य, टोन मध्यावर, लेव्हल २ ते ३ वर. ट्यूब स्क्रीमरचा गेन सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली कमी होत जातो. जाड तारांवर पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून वाजवणं) केल्यावर ओडी१ मध्ये जो चिखल होतो तो खालच्या सुरांनी प्रीअ‍ॅम्प भरून गेल्यामुळे होतो; पेडलने ते आधीच छाटले की त्याच गेनवर आवाज घट्ट येतो. क्रंचपेक्षा जास्त गेन हवाच असेल तर ओडी२ मध्ये गेन ३ वर नेण्यापेक्षा ओडी१ मध्ये गेन ११ वर आणि समोर ट्यूब स्क्रीमर हे कधीही सरस. सूं-सूं आवाजही कमी राहतो.

डिले (प्रतिध्वनीचं पेडल) आणि रिव्हर्बचं पेडल मागच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर विभाग यांच्या मधली जोडणी). सेंडमधून डिलेच्या इनपुटला, रिव्हर्बच्या आउटपुटमधून रिटर्नला. अ‍ॅम्पच्या तोंडाशी डिले लावला आणि गेन अ‍ॅम्पचा वापरला, तर प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा डिस्टॉर्शनमधून जातो, मूळ सुराइतकाच मोठा होतो आणि सगळा लगदा होतो. लूप सिरीज प्रकारचा आहे, म्हणजे पूर्ण सिग्नल पेडलमधून जातो. त्यामुळे लूपमधल्या एका पेडलचा वीजपुरवठा गेला तरी अ‍ॅम्प गप्प. आवाज अचानक बंद झाला तर व्हॉल्व्हवर संशय घेण्याआधी सेंड आणि रिटर्न एका छोट्या पॅच केबलने जोडून पाहा. आवाज आला तर दोष पेडलबोर्डात आहे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर जॅकच्या पत्त्यांवर ऑक्साइड चढतं आणि आवाज अधूनमधून बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला की बहुधा निभावतं.

हम (सततची घूं-घूं) येण्याचं कारण बहुतेक वेळा पेडल्सचा वीजपुरवठा असतो. एकाच अडॅप्टरवरून माळ काढून सहा पेडल्स चालवली की डिजिटल डिलेच्या आतल्या क्लॉक सर्किटचा आवाज सामायिक ग्राउंडमधून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो, आणि मग तो अ‍ॅम्पच्या गेनने मोठा होतो. प्रत्येक पेडलला वेगळं, आयसोलेटेड (इतरांशी ग्राउंड न जोडलेलं) आउटपुट देणारा पुरवठा घ्या. सीओक्सचा डीसी७ महाग आहे, पण सात आउटपुट, ९ व्होल्टला प्रत्येकी ६६० मिलिअँपिअर आणि १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालणारा, त्यामुळे एकदाच घ्यावा लागतो. गरज मोजायची रीत सोपी: टीयू-३ ला ३० मिलिअँपिअर, एमएक्सआर कार्बन कॉपीला २६, बॉस आरव्ही-६ ला ९५. पेडलवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा आउटपुटची क्षमता जास्त असावी. व्होल्टेज मात्र तंतोतंत तेवढंच, आणि प्लगचा मध्य ऋण आहे ना ते पाहायचं. ९ व्होल्टच्या पेडलला चुकून १८ दिले तर ते तिथेच संपू शकतं.

आता कॅबिनेट. सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

या अ‍ॅम्पच्या मागे स्पीकरचे वेगवेगळे जॅक आहेत आणि प्रत्येकावर ओहम छापलेले आहेत. आतला स्पीकर १६ ओहमचा आहे. बाहेर आणखी एक १६ ओहमचा कॅब जोडला, उदाहरणार्थ मार्शलचा एमएक्स११२आर, तर दोन्ही समांतर जोडले जाऊन एकूण ८ ओहम होतात. अशा वेळी आतल्या स्पीकरचा प्लगही १ × १६ च्या जॅकमधून काढून २ × १६ लिहिलेल्या जोडीत घालायचा. हे न करता बाहेरचा कॅब दिसेल त्या मोकळ्या जॅकमध्ये खुपसणं ही नेहमीची गफलत. एमएक्स२१२ हा दोन स्पीकरचा कॅब मात्र ८ ओहमचा आहे. तो एकटा, १ × ८ च्या जॅकमध्ये, आतला स्पीकर काढूनच चालवायचा. दोन्ही एकत्र लावले तर १६ आणि ८ मिळून ५.३३ ओहम होतात आणि हा अ‍ॅम्प त्यासाठी बनलेला नाही. सरावाच्या खोल्यांत आणि भाड्याच्या बॅकलाइनमध्ये (मंचावरच्या तयार सामग्रीत) हमखास भेटणारा १९६०ए हा चार स्पीकरचा कॅब असेल, तर त्याच्या मागचा स्विच मोनोवर ठेवून १६ ओहमचं इनपुट वापरा आणि अ‍ॅम्पच्या १ × १६ मध्ये जोडा. त्याच कॅबवर ४ ओहमचंही इनपुट आहे. ते या अ‍ॅम्पसाठी नाही.

ओहमचा एवढा बाऊ का, तर ट्यूब अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. स्पीकरचा भार ठरल्यापेक्षा कमी ओहमचा झाला की ईएल३४ मधून जास्त करंट वाहतो, ते तापतात आणि लवकर मरतात. भारच नसेल, म्हणजे स्पीकरचा प्लग निघालेला असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगवर) प्रचंड व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा वाइंडिंग जळतं. म्हणून स्पीकर जोडल्याशिवाय हा अ‍ॅम्प चालवायचा नाही, एक मिनिटही नाही.

केबलही स्पीकरचीच हवी. दिसायला दोन्हीकडे तोच पाव इंची प्लग असतो, पण गिटार केबलची आतली तार केसासारखी बारीक असते आणि भोवती जाळी. ४० वॅटचा करंट तिच्यातून गेला की ती तापते, इन्सुलेशन वितळतं आणि शॉर्ट होतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी १.५ चौरस मिलिमीटरची दोन कोर लवचिक वायर आणि दोन चांगले मोनो प्लग घेऊन दीड मीटरची केबल स्वतः सोल्डर करता येते. तिच्यावर रंगीत टेप गुंडाळा, म्हणजे घाईत गिटारच्या केबलमध्ये मिसळणार नाही.

दुसरा कॅब जोडल्यावर आवाज वाढण्याऐवजी पोकळ झाला, बास गेला, तर दोन स्पीकर उलट पोलॅरिटीत आहेत. अ‍ॅम्पपासून कॅब पूर्ण सुटा करून केबलच्या मोकळ्या प्लगला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा: टोकाला धन, बाहेरच्या बाहीला ऋण. कोन पुढे सरकला तर जोडणी बरोबर. मागे गेला तर स्पीकरच्या तारा अदलाबदल करायच्या. स्पीकर बदलायचा विचार असेल तर वॅट पाहा. २५ वॅटचा एकटा सेलेस्टियन ग्रीनबॅक स्पीकर या अ‍ॅम्पखाली टिकणार नाही, १६ ओहमचे दोन मिळून चालतील. आमची पसंती मात्र साधी आहे: उघड्या पाठीच्या या कॉम्बोखाली (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) बंद पाठीचा एमएक्स११२आर. कॉम्बो उचलला जाऊन कानाच्या जवळ येतो, १२ इंची स्पीकरचा टोचणारा झोत गुडघ्यांवर न जाता वादकाला ऐकू येतो, आणि त्यामुळे तो स्वतःच ट्रेबल कमी करतो. श्रोत्यांचाही त्यात फायदा आहे.

सुरू करताना आधी स्पीकर केबल तपासा, मास्टर शून्यावर, स्टँडबायवर ठेवून पॉवर द्या, दोन मिनिटांनी स्टँडबाय काढा. ४० वरून २० वॅटवर आणल्याने आवाज निम्मा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तो फक्त ३ डेसिबलचा फरक आहे. फ्लॅटमध्ये वाजवायचं असेल तर २० वॅटसुद्धा शेजाऱ्यांना पुरून उरतात. तिथे दुसरा मास्टर कमी पातळीवर लावून ठेवणं हाच मार्ग, आणि रात्री हा अ‍ॅम्प नकोच.

परदेशातले नातेवाईक येताना अ‍ॅम्प घेऊन येतात, त्यांच्यासाठी एक सूचना. अमेरिकेत विकला जाणारा नग १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर लावताक्षणी फ्यूज उडेल, आणि फक्त फ्यूजवर भागलं तर नशीब. ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याला तीन पिनांचं सॉकेट व खरी अर्थिंग हवी. दोन पिनांच्या स्वस्त डब्यावर अर्थ तुटते. मग हम वाढतोच, शिवाय एका हातात गिटार आणि ओठांना माइक लागल्यावर झटका बसू शकतो.

जुना नग घेत असाल तर गिटार न जोडता, गेन वाढवून, पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रीअ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. टणटण घुमणारा आवाज आला तर तो ईसीसी८३ बदलायचा. हे काम सोपं आणि फार महाग नाही. ईएल३४ ची जोडी बदलायची असेल तर जुळवलेली जोडी घ्या आणि बायस (व्हॉल्व्हमधून वाहणारा स्थिर करंट) तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात. लूप चालू-बंद करून पाहा, दोन्ही चॅनेलचे रिव्हर्ब ऐका, प्रत्येक स्पीकर जॅकमध्ये प्लग घट्ट बसतो का ते बघा. जॅक ढिला असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करा.