आधी वाद, मग सहमती : शिवाजीनगरच्या वकील मॅडमकडचं माझं एक वर्ष

मी पिंपरीला शाळेत गणित शिकवते. घटस्फोटाच्या अर्जावर पहिली सही केली जून २०२२ मध्ये आणि हुकूमनामा हातात आला डिसेंबर २०२४ मध्ये. यातलं पहिलं दीड वर्ष मी दुसऱ्या वकिलांकडे होते. हा अभिप्राय मॅडमच्या ऑफिसचा आहे, पण ते दीड वर्ष सांगितल्याशिवाय मॅडमनी काय केलं ते कळणार नाही.

पहिल्या वकिलांनी 'काय काय त्रास झाला ते लिहून आणा' एवढंच सांगितलं. मी अकरा पानं लिहून नेली. ती जवळजवळ तशीच अर्जात गेली आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली, क्रूरतेच्या आधारावर केस दाखल झाली. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं, कारण तोवर ह्यांनी भाड्याचं घर बदललं होतं. मग नवा पत्ता, नवं समन्स, तारखा. शेवटी त्यांची कैफियत, म्हणजे अर्जाला लेखी उत्तर, आलं, ३४ पानांचं. त्यात माझ्या पगाराचा हिशोब होता, माझ्या चारित्र्याबद्दल होतं आणि आईने संसारात लुडबुड केल्याचे सात प्रसंग होते. आईने चष्मा लावून ती दोन दिवसांत वाचून काढली. पुढे आठवडाभर ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. अशा अर्जाला असंच उत्तर येतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी ती अकरा पानं दिली नसती.

वकील बदलायचं ठरवलं तेव्हा फी बाकी आहे म्हणून त्यांनी कागद अडवले. असं अडवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच तसं स्पष्ट केलंय, हे मला मॅडमकडून कळलं. त्यांनी एक पत्र पाठवलं आणि चार दिवसांत फाईल आली.

पहिल्या भेटीत मॅडमनी अर्ज आणि कैफियत दोन्ही माझ्यासमोर बसून वाचलं. दीड तास लागला. मग म्हणाल्या, "ही केस मी लढेन. पण क्रूरता सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे. तुमचा उलटतपास होईल, आईचा होईल. शेजारीण येईल का साक्षीला? आणि निकाल लागला तरी समोरचे हायकोर्टात जाऊ शकतात." त्यानंतर त्यांनी विचारलं, "ते नाही म्हणतात ते नेमकं कशाला?" दीड वर्षात हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ह्यांना घटस्फोट हवाच होता. अडलं होतं ते रावेतच्या फ्लॅटपाशी.

वादाची केस म्हणजे वाईट, असं मात्र मॅडम म्हणत नाहीत. त्यांच्याकडे बाकावर माझ्या शेजारी एक ताई बसायच्या. त्यांचा नवरा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. सहमतीची सही आणायची कुठून? त्यांना कलम १३ मधला परित्यागाचाच आधार होता, त्याला दोन वर्षं पुरतात. जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथेही बाईला सहमतीसाठी दबकून बसायला लावू नये, असं मॅडम ठामपणे सांगतात. मला ते पटलं.

आमचं प्रकरण कोर्टामार्फत मध्यस्थीला गेलं. चार बैठका झाल्या. तिसरीत मी रडून बाहेर आले, चौथीत फ्लॅटचं ठरलं. मग मूळ अर्ज कलम १३ ब खाली, म्हणजे परस्पर सहमतीत बदलून घेतला. या अर्जात आरोप लिहावेच लागत नाहीत. वर्षभर वेगळे राहतो, एकत्र राहणं जमलं नाही, आणि दोघांनी मिळून हे ठरवलंय, एवढं पुरतं. माझा मुलगा सहावीत आहे. उद्या मोठा होऊन त्याने कागद मागितले, तर हा अर्ज मी त्याच्या हातात देऊ शकते.

सहमतीचा घटस्फोट म्हणजे दोन सह्या आणि झालं, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात सगळं काम तडजोडीच्या अटी लिहिण्यात होतं, आणि या ऑफिसची फी मला सार्थ वाटली ती त्यासाठीच. आमच्या अटींचे सहा मसुदे झाले. फ्लॅटच्या कर्जावर दोघांची नावं होती. मॅडम म्हणाल्या, हुकूमनाम्यात काहीही लिहा, बँक त्याने बांधली जात नाही, हप्ता थकला की ती दोघांनाही धरणार. म्हणून कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर करून घेतल्याचं बँकेचं पत्र आधी, माझं हक्कसोडपत्र नंतर, असा क्रम लिहिला. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही सहमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे मला मिळायच्या रकमेचा अर्धा भाग अर्जाच्या वेळी आणि अर्धा दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, म्हणजे दोघांनी कोर्टात पुन्हा सहमती सांगायची त्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने. मी माझी पोटगी सोडली. मुलाची सोडायला निघाले होते, तर त्यांनी थांबवलं, तो हक्क मुलाचा, आईने सोडायचा नसतो. शाळेची फी दरवर्षी वाढते म्हणून ठरावीक आकडा न लिहिता निम्मी फी लिहिली. गणपतीचे पहिले दोन दिवस बाबांकडे, दिवाळीतलं लक्ष्मीपूजन माझ्याकडे. मुलाच्या पासपोर्टवर दोघांनी सही द्यायची. लॉकरमधल्या पाटल्या आणि मोहनमाळ वजनासकट लिहिली.

अर्ज ऑक्टोबरमध्ये झाला. कायद्यात त्यानंतर किमान सहा महिने थांबायचं असतं. पण हा काळ माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ मध्ये आला. आम्ही फेब्रुवारी २०२२ पासून वेगळे, पैशाचं आणि मुलाचं सगळं ठरलेलं, समेटाचा मार्ग संपलेला. मॅडमनी तसा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. सगळ्यांना ही सूट मिळेलच असं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

माझ्या आत्याने मात्र शेवटपर्यंत धोशा लावला होता की एवढं कोर्ट कशाला, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर सोडचिठ्ठी लिहून घ्या. ज्या समाजांत काडीमोडाची रूढीच मान्य आहे त्यांचं वेगळं, बाकीच्यांचं लग्न त्या कागदाने मोडत नाही.

फी ७५,००० रुपये झाली, तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी पावती. ज्या बायकांना हे झेपणार नाही त्यांना मॅडम स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतात. तिथे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तक्रार म्हणाल तर दोन आहेत. चौथ्या मसुद्याला तीन आठवडे लागले, तेव्हा मी रोज फोन करत होते आणि ऑफिसातून नीट उत्तर येत नव्हतं. आणि संध्याकाळी सातनंतर फोन लागत नाही. शाळेतून घरी पोचेपर्यंत मला साडेसहा होतात, त्यामुळे ते फार जड गेलं.

जाताना लग्नपत्रिका, लग्नाचा एक फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, पगारपत्रकं आणि कर्जाचे कागद न्या, एक खेप वाचेल. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर आधी फोन करून सांगा. माझी आई वर चढू शकली नाही, तेव्हा मॅडम फाईल घेऊन खाली आल्या आणि रसवंतीच्या बाकावर तिच्याशेजारी बसून त्यांनी सगळ्या अटी तिला वाचून दाखवल्या.